उसनी प्रयोगशाळा

टेम्पो फाटकातून आत येईना, म्हणून धनाजीनं फाटकाचं एक दार बिजागरीतून उचलून बाजूला ठेवलं. मागच्या हौद्यात भाताच्या पेंढ्यांत खोकी रचलेली होती. प्राचार्य रेडेकर सर स्वतः उन्हात उभं राहून, "हळू, काचेचा माल आहे," असं पुन्हा पुन्हा बजावत होते, आणि आम्ही सातजण, म्हणजे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा रसायनशास्त्राचा अख्खा वर्ग, एकेक खोकं छातीशी धरून प्रयोगशाळेत नेत होतो.

नसीमनं पहिलं खोकं सोडलं. आत राखाडी रंगाचा, काट्याच्या तबकडीचा एक चौकोनी डबा होता. आम्ही त्याच्याभोवती गोळा झालो.

"कलरीमीटर," नसीम म्हणाली. "चित्रात जरा मोठा वाटायचा, नाही?"

द्रावणाचा रंग किती गडद आहे त्यावरून त्यात पदार्थ किती ते मोजणारं हे यंत्र आम्ही दोन वर्षं फक्त काढत होतो. काढत होतो म्हणजे पेन्सिलीनं, जर्नलमध्ये. त्याला नावं दिली होती, बाणानं भाग दाखवले होते, त्यावर रीडिंग घेतल्याचं लिहिलं होतं. हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

आमचं कॉलेज मुडशीत होतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या अलीकडं, आठवड्याच्या बाजारामुळं आसपासच्या वाड्यावस्त्यांना माहीत असलेलं गाव. कॉलेजची इमारत म्हणजे पूर्वीचा काजू कारखाना. पावसाळ्यात प्रयोगशाळेच्या भिंतींना काजूच्या टरफलांच्या तेलाचा उग्र वास सुटायचा आणि बाहेरून येणाऱ्याला तो रसायनांचाच वाटायचा. रसायनं खरं तर कपाटात होती, ती जपून वापरायची असत. गॅसची जोडणी मंजूर झाल्याचं आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकत होतो. तोवर स्पिरिटचे दिवे होते.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची समिती येणार होती. तिच्या अहवालावर तिसऱ्या वर्षाची मान्यता राहणार की जाणार हे ठरणार होतं. म्हणून संस्थेच्या शहरातल्या मोठ्या कॉलेजातून ही यंत्रं दोन दिवसांसाठी आली होती. समिती गेली की त्याच टेम्पोतून ती परत जायची होती.

सगळं टेबलांवर मांडून झाल्यावर रेडेकर सरांनी आम्हाला समोर उभं केलं. आमच्याशी ते नेहमी बापाच्या मायेनं बोलत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढं बोलणं अवघड जाई. यंत्रं नुसती मांडायची, चालवून बघायची नाहीत, कुणी विचारलं तर गेल्या वर्षापासून आहेत म्हणायचं, असं त्यांनी सांगितलं. जेवणाआधी समिती शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलणार होती. त्या बैठकीला त्यांनी नावही दिलं होतं, 'तीन वर्षांकडे मागे वळून पाहताना'. त्यात काय बोलायचं तेही सुचवून ठेवलं होतं. घरगुती वातावरण, निसर्गरम्य परिसर, प्रत्येकाकडं वैयक्तिक लक्ष.

"उज्ज्वला, तू कलरीमीटरजवळ थांबायचंस," ते मला म्हणाले. "मार्क तुझे चांगले आहेत, आणि तू उगाच बोलत नाहीस."

ते गेल्यावर आम्ही प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसलो. परीक्षा तोंडावर आली होती, निरोप समारंभ पुढच्या आठवड्यात होता, आणि मागं वळून बघा म्हणून सांगितलेलंच होतं, तर आम्ही बघायला लागलो. पहिल्या वर्षी आम्ही तिसावर होतो. भौतिकशास्त्राचे सर बदली करून गेले ते गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. गणिताच्या मॅडम बाळंतपणाला गेल्या तेव्हा त्यांचा तास मराठीच्या सरांनी घेतला आणि आम्हाला संत वाङ्मय शिकवलं. हे सगळं आठवून आम्ही हसत होतो. मग नसीम म्हणाली की तिला या तीन वर्षांतलं सगळ्यात जास्त काय आठवेल तर केसरकर सरांचं एकच वाक्य. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. "रीडिंग लिहून घ्या."

केसरकर सर तासिका तत्त्वावर होते. रसायनशास्त्राचे चारही पेपर तेच शिकवायचे. यंत्र नसलं की ते फळ्यावर रंगीत खडूनं काढत, त्यात द्रावण कुठून घालायचं, बटण कुठलं, काटा कसा हलतो, हे इतकं मन लावून सांगत की आम्हाला काटा हलल्यासारखा वाटायचा. मग ते खिशातून कागद काढायचे आणि म्हणायचे, रीडिंग लिहून घ्या. आम्ही लिहून घेत असू. त्यावरून आलेख काढत असू. आलेख नेहमी सरळ यायचा, आणि सातही जणांचा एकच यायचा.

हसणं तिथंच थांबलं. धनाजी फाटकाचं दार पुन्हा बसवून आला होता. त्याच्या हाताला गंज लागला होता.

"उद्या मी सांगणार," तो म्हणाला. "बैठकीत उठून सांगणार. ही यंत्रं आमची न्हाईत, हे सर आम्हाला खडूनं शिकवतात, आन् गॅस आजून मंजूरच हाय."

नसीम म्हणाली, "आणि मान्यता गेली तर?"

"जाऊ दे की. आसल्या मान्यतेचं काय लोणचं घालायचं?"

"तुला जाऊ दे म्हणायला काय जातंय? तू उद्या सायकल मारत गडहिंग्लजच्या कॉलेजला जाशील. माझी मामेबहीण पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज मुडशीत आहे म्हणून ती घराबाहेर पडली. नाहीतर बारावीलाच तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं."

माझंही वेगळं नव्हतं. आमच्या वाडीतून मुडशी चालत गाठता येत होती, म्हणून वडिलांनी मला पुढं शिकू दिलं. पण धनाजीचंही खोटं नव्हतं. त्याला एका रंगाच्या कारखान्यात मुलाखतीला बोलावलं होतं, तिथं त्याच्यापुढं एक साधं यंत्र ठेवून चालू करायला सांगितलं. त्याला बटण सापडलं नाही. समोरच्या माणसानं गुणपत्रक पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, आणि ते गुणपत्रक त्याच्या हातात परत दिलं. हे त्यानं आम्हाला बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

मला दोघांचं पटत होतं आणि त्यामुळं चीड येत होती. खरं बोललं तर मागच्या मुली घरी बसणार. खोटं बोललं तर त्या आमच्यासारख्याच शिकणार. मधली वाट कुठं दिसत नव्हती.

तेवढ्यात केसरकर सर आले. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, प्रयोगशाळेचं दार आतून लावायला सांगितलं आणि कलरीमीटरची वायर बोर्डात खोचली. प्राचार्यांनी चालवून बघू नका म्हटलंय, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकलं आणि बटण दाबलं. आत पिवळा दिवा लागला. सरांनी एम.एस्सी.नंतर हे यंत्र हाताळलं नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं. परीक्षानळी त्यांनी दोनदा पुसली.

मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घालून आम्ही गडद निळं द्रावण केलं. मग ते थोडं थोडं पातळ करत गेलो. पुस्तकात वाचलेलं असूनही तो निळा रंग एवढा सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येकानं आळीपाळीनं नळी आत ठेवली, काट्याकडं पाहिलं, आकडा मोठ्यानं सांगितला. यावेळी सर लिहून घेत होते. धनाजीनं तीनदा नळी ठेवली आणि तिन्ही वेळा काटा हलला की तो मान वळवून आमच्याकडं बघायचा.

मी आलेख काढला. सगळे बिंदू रेषेवर आले, एक सोडून. तो जरा वर राहिला होता. मी खोडरबर उचलला तसा सरांनी माझा हात धरला.

"राहू दे तो," ते म्हणाले. "नळीला कुणाचं तरी बोट लागलं असेल. खरा आलेख असा येतो."

दिवेलागणीपर्यंत आम्ही तिथंच होतो. मला ते यंत्र आता चांगलं वळलं होतं. निघताना सर माझ्याजवळ थांबले. यंदा त्यांची जागा कायम होण्याची शक्यता होती आणि तीही या अहवालावरच अवलंबून होती, हे आम्हाला माहीत होतं. मला वाटलं, ते काहीतरी विनवतील. ते म्हणाले, "तुला विचारलं तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझ्याकडं बघू नकोस."

समिती सकाळी आली. दोन पुरुष आणि एक बाई. बाईंचं नाव डॉ. माहुलकर, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकवत. उंच, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. त्यांचे सहकारी प्रयोगशाळेत शिरले आणि छताकडं, पंख्यांकडं बघत पुढं गेले. माहुलकर मॅडम टेबलापाशी थांबल्या. रेडेकर सर त्यांच्या बाजूला आणि केसरकर सर भिंतीला लागून उभे.

"हे तू चालवतेस?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी कालच्या उरलेल्या निळ्या द्रावणाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचलं, त्यात स्वतः थोडं पाणी ओतलं, किती ओतलं ते मला दिसू दिलं नाही, आणि यात मोरचूद किती आहे ते काढून दाखव म्हणाल्या. मी नळी पुसली. बोट वरच्या कडेलाच धरलं. काटा शून्यावर आणला, नळी ठेवली, आकडा वाचला, कालच्या आलेखावर आडवी पट्टी लावली, रेषेवरून खालच्या अक्षावर उतरले आणि उत्तर सांगितलं. हात एकदाही अडला नाही. मॅडमनी मनातल्या मनात काही आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगदी बरोबर. आमच्याकडच्या मुलांचेही हात इतके स्वच्छ चालत नाहीत," त्या रेडेकर सरांना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "किती दिवस वापरतेस हे?"

रेडेकर सरांनी घसा साफ केला. मी कुणाकडं बघितलं नाही.

"कालपासून," मी म्हणाले.

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. आणि मग त्या हसल्या, मान मागं टाकून, मोकळ्या. त्या हसल्या तसे पुढं गेलेले दोघेही वळून हसले, रेडेकर सर तर सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि म्हणाले की आमची उज्ज्वला दिसायला शांत आहे, पण फार विनोदी. मॅडमनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि त्या पुढच्या टेबलाकडं गेल्या.

मला पुन्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण हसण्यात गेलेलं वाक्य परत कसं म्हणायचं ते कळेना. ते तेवढ्यात दाराबाहेर पडले.

उरली होती बैठक. धनाजी सकाळपासून पांढरा शर्ट घालून तयार होता. बैठक सुरू व्हायच्या जरा आधी रेडेकर सरांनी त्याला स्टँडवर पिटाळलं, पाहुण्यांसाठी मागवलेले पुष्पगुच्छ एसटीनं यायचे होते. एसटी उशिरा आली. इकडं समितीनं आम्हाला बसगाड्या वेळेवर असतात का, पाणी गार मिळतं का, असं विचारलं. मी हात वर केला तेव्हा एका सदस्यांनी हसून, "तुमचं तर आम्ही पाहिलंच," असं म्हटलं आणि घड्याळाकडं पाहिलं. जेवण तयार होतं. धनाजी पुष्पगुच्छ घेऊन दारात आला तेव्हा सगळे उठत होते. त्याच्या हातातून ते कुणीतरी काढून घेतले.

संध्याकाळी टेम्पोत खोकी चढवताना तो माझ्याशी बोलला नाही. शेवटचं खोकं कलरीमीटरचं होतं. ते आम्ही दोघांनी मिळून उचललं.

"नसीम सांगत होती. हसवलंस म्हणं तू त्यास्नी," तो म्हणाला.

"मी खरं तेच सांगितलं."

"खरं सांगायचं होतं तर ते नीट चालवायचं न्हवतंस. नळी पाडायचीस. काटा सापडत न्हाई म्हणायचीस. एवढं झ्याक करून दावल्यावर कोण इश्वास ठेवंल तुझ्यावर?"

तीन वर्षांत पहिल्यांदा हातात काहीतरी आलं होतं. ते मुद्दाम वाईट करून दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तरी जमलं नसतं. केसरकर सर टेम्पोच्या पलीकडं पेंढ्या भरत होते. त्यांनी ऐकलं असणार.

निरोप समारंभात रेडेकर सरांनी अहवाल उत्तम जाणार असल्याचं सांगितलं आणि माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मुलांनी मनोगतं सांगितली, घरगुती वातावरण, निसर्गरम्य परिसर. धनाजी आलाच नाही. मी उठले, सर्वांचे आभार मानले आणि खाली बसले. पुढं मान्यता कायम राहिली, फाटकावर तशी पाटीही लागली. केसरकर सरांच्या जागी संस्थेनं दुसरं कुणीतरी भरलं.

मला मात्र कोल्हापूरला विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. मार्क चांगले होते. वर्गात शहरातली मुलं होती, मुंबईचीही दोघं होती. पहिला आठवडा व्याख्यानांत गेला तोवर मी त्यांच्या बरोबरीची होते. मग प्रात्यक्षिकं सुरू झाली. ऊर्ध्वपातन होतं, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ बाहेरून गार ठेवलेल्या नळीत पुन्हा द्रव करायची. सगळ्यांनी बोलता बोलता काचेचे भाग एकमेकांत बसवले. मीही बघून बघून बसवले. गार पाण्याच्या रबरी नळ्या कुठल्या तोंडाला लावायच्या ते फळ्यावरच्या चित्रात बाणानं दाखवलेलं असायचं. बाण मला आठवत होता, दिशा आठवेना. मी पाणी वरून सोडलं. ते खाली नुसतं घसरून गेलं, वरची काच कोरडी राहून तापली, आणि जेव्हा शिंतोडा उडाला तेव्हा ती तडकली.

सगळे वळले. पलीकडच्या टोकाकडून माहुलकर मॅडम आल्या. त्यांनी आधी माझा हात कापलाय का ते बघितलं, दिवा विझवला, काचा गोळा केल्या. मग माझा चेहरा पाहून त्या थांबल्या.

"मुडशीची ना तू?"

मी मान हलवली. त्यांना काय वाटेल याचा विचार न करता मी बोलून टाकलं. "मॅडम, मी तेव्हा विनोद केला नव्हता. ते यंत्र खरंच आदल्या दिवशी आलं होतं. हे काचेचं साहित्य तर तेव्हा आलंही नव्हतं."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारची मुलं आपापल्या कामाला लागली होती.

"मला कळलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "खोक्यातल्या पेंढीची काडी अजून यंत्राच्या पायाला चिकटलेली होती. आणि तुझा चेहरा काही विनोद करणारीचा नव्हता."

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग हसलात कशाला?"

"मी हसले नसते तर मला लिहावं लागलं असतं." त्या नवी नळी स्टँडला लावत होत्या. "मागं एका गावात मी लिहिलं. जे पाहिलं ते सगळं. तिसरं वर्ष बंद झालं. यंत्रं कुणी पाठवली नाहीत. मुलगे दुसरीकडं गेले, मुली घरी बसल्या. पुढच्या वर्षी विचारलं तर त्यातल्या निम्म्यांची लग्नं झाली होती. तू म्हणालीस कालपासून, आणि तुमचे प्राचार्य माझ्याकडं बघत होते. एवढ्या वेळात मला दुसरं काही सुचलं नाही."

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मी केवढा धीर करून सांगितलं होतं. माझ्या मित्रानं माझ्याशी बोलणं टाकलं."

"तू इथं आलीस ना?"

"आले. आणि काच फोडली."

त्यांनी खालच्या तोंडाला रबरी नळी चढवून दाखवली, दुसरी माझ्या हातात दिली आणि वरच्या तोंडाकडं बोट केलं. मी ती चढवली.

"तिथं आत्ता जी मुलं शेवटच्या वर्षाला आहेत त्यांचं काय?" मी विचारलं.

"त्यातलं कुणी इथवर आलं तर त्यालाही मी दाखवीन."

"आणि जी येणार नाहीत ती?"

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी मान वळवली, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "नळ सोड," त्या म्हणाल्या, "सावकाश," आणि हाकेच्या दिशेनं गेल्या. मी नळ सोडला. पाणी खालून वर चढत नळी भरत गेलं.

पुढं दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले. हात सुधारला, त्यांच्यामुळंच सुधारला. पण त्यांचे आभार मानायला म्हणून कितीदा त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले आणि परतले. आणि त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तर तेही धड कधी जमलं नाही.